सातशे ऐंशी रुपयांचा जज्जसाहेब

मुद्देमालाचं वर्णन आधी करतो, सवयच आहे तशी. इंग्रजी पुस्तक एक, पानं पाचशेच्या आसपास, पुठ्ठा मऊ, वर कुठल्याशा समुद्रकिनाऱ्याचा रंगीत फोटो. आतल्या मजकुराशी त्या समुद्राचा काडीचा संबंध नाही. आत जेम्स फिट्झजेम्स स्टीफन या इंग्रज न्यायाधीशाचं चरित्र आहे, त्याच्या धाकट्या भावानं, लेस्ली स्टीफननं, १८९५ साली लिहिलेलं. जुन्या प्रतीची पानं स्कॅन करून ठेवायची आणि मागणी आली की एकेक प्रत छापून पाठवायची असा धंदा करणारे आहेत, त्यांच्याकडून मागवलं. किंमत सातशे ऐंशी, पोचवायचे साठ वेगळे. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही. तक्रार मालाची आहे, माणसाशी वैर नाही.

मी आर्वीकडच्या एका खेड्यात राहतो. तेहेतीस वर्षं विदर्भातल्या तीन तालुक्यांच्या कोर्टांत नोकरी केली, शेवटची चौदा बेंच क्लार्क म्हणून. म्हणजे साहेबांच्या डायसखाली बसायचं, पुकारा करायला लावायचा, रोजनामा लिहायचा, मुद्देमाल सांभाळायचा, साक्षीदाराला शपथ द्यायची. रिटायर झालो तेव्हा वाटलं, सुटलो. मग १ जुलै २०२४ ला फौजदारीच्या आणि पुराव्याच्या जुन्या कायद्यांऐवजी नवे कायदे लागू झाले आणि आर्वीच्या स्टँडवर भेटणारे तरणे वकील मलाच विचारू लागले, काका, पुराव्याच्या कायद्यातलं जुनं सत्तावीस कलम आता कितीत गेलं? (तेविसात गेलं. पंचवीस, सव्वीस, सत्तावीस तिन्ही एकाच तेविसात कोंबली आहेत.)

पुतणी नागपूरला वकिलीचं शिकते. ती दिवाळीला आली तेव्हा म्हणाली, "मोठेबाबा, तेहेतीस वर्षं ज्याच्या हाताखाली काम केलं तो माणूस माहीत आहे का?"

"कोण, मॅकॉले?"

"मॅकॉले दंडसंहितेवाला. पुराव्याचा कायदा दुसऱ्यानं लिहिला. एकट्यानं."

मला खरंच माहीत नव्हतं. कायद्याच्या पुस्तकावर टीका लिहिणाऱ्याचं नाव ठळक असतं, ज्यानं कायदा लिहिला त्याचं नसतं. तिनं तिथेच मोबाईलवर पुस्तक शोधलं आणि माझ्या खात्यातून पैसे गेले.

पोचवणाऱ्याची हकीगत थोडक्यात. पोरगा गावात आला नाही. फोन करून म्हणाला, "काका, तुमच्या रस्त्याले गाडी नाई येत, आर्वीत ठेवतो." आर्वीत म्हणजे एका मोबाईलच्या दुकानात. तिथं ओटीपी विचारला, तो पुतणीच्या फोनवर, पुतणी कॉलेजात. दीड तास दुकानातल्या स्टुलावर बसलो. घरी पार्सल फोडल्यावर आमच्या सौ. पुस्तक उलटंपालटं करून म्हणाल्या, "एवढ्या पैशात समुद्राचा फोटू आणला का?"

आता छपाई. अक्षर वाचता येतं, पण डावीकडची पानं उजवीकडच्यांपेक्षा फिकी. समासात मूळ वाचनालयाचा शिक्का अर्धा उमटलेला. चित्र आहे ते डांबरासारखं काळं, त्यातून दाढी तेवढी ओळखू येते. आणि एका पानाच्या खालच्या कोपऱ्यात स्कॅन करणाऱ्याचा अंगठा. खराखुरा अंगठा, नखासकट, दोन ओळींवर बसलेला. तो पाहिला आणि मला हसू आवरेना. आयुष्यभर मी अंगठ्यांपुढे माणसांची नावं लिहीत आलो, "निशाणी डावा अंगठा, अमुक अमुक यांचा". या अंगठ्यापुढे लिहायला नावच नाही. आणि तो डावा की उजवा हेही कळत नाही.

बांधणी निव्वळ गोंदाची. शंभर पानं वाचून होईस्तोवर पहिलं पान सुटलं. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, ओसरीत ठेवलेल्या पुस्तकाचा गोंद तिथं काय टिकणार! त्यावर मी काय केलं ते पुढे सांगतो.

माणूस मात्र आत आहे, आणि भारी आहे.

१८२९ साली लंडनच्या केन्सिंग्टनमध्ये जन्म. घराणं असं की वाचून दबायलाच होतं. आजोबा वकील, गुलामांच्या व्यापाराविरुद्ध आयुष्यभर झगडलेले, त्याच लढ्याचा पुढारी विल्बरफोर्स, त्याचे मेहुणे. बाप वसाहतींच्या खात्यात मोठा अधिकारी. गुलामगिरी बंद करणाऱ्या १८३३ च्या कायद्याचा मसुदा त्याच्या हातचा. हे घराणं लक्षात ठेवा, मला त्याच्याकडे परत यायचं आहे.

पोराला ईटनच्या शाळेत घातलं, पण वसतिगृहात नाही. घरून जाऊन-येऊन शिकणारी मुलं तिथं खालच्या दर्जाची समजत, त्यामुळे याला मोठ्या मुलांनी भरपूर बडवलं. मग हा वाढला, अंगानं धिप्पाड झाला, आणि मार थांबला. दुबळं असणं हेच दुःख, हा धडा आपण तिथं शिकलो, असं त्यानं पुढे स्वतः लिहून ठेवलं आहे. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतही हाच धडा मिळायचा, फक्त त्यातून कुणी व्हाइसरॉयच्या कौन्सिलात गेलं नाही.

केंब्रिजला गेला, तिथं अभ्यासात विशेष चमकला नाही, स्कॉलरशिप हुकली. हे वाचून मला बरं वाटलं. १८५४ ला सनद घेतली. वकिली बेताचीच चालली. सर्किटवर फिरायचं, जिल्ह्याच्या गावी कोर्ट भरलं की खोली घेऊन राहायचं, खटला मिळाला तर मिळाला. पोटासाठी वर्तमानपत्रांत लिहायचा, आणि लिहायचा म्हणजे किती! पहाटे अग्रलेख, दिवसा कोर्ट, रात्री पुन्हा लेख. या भागातली बरीच पानं इंग्लंडातल्या धर्मविषयक वादांवर खर्ची पडली आहेत. ती मी भराभरा उलटली, तुम्हीही उलटा.

१८६९ साली चाळिशीच्या या माणसाला हिंदुस्थानात व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायद्याचा सदस्य म्हणून बोलावणं आलं. खुर्ची पूर्वी मॅकॉलेची, स्टीफनच्या लगेच आधी हेन्री मेनची. मेन त्याचा जुना दोस्त. डिसेंबरात कलकत्त्याला उतरला, १८७२ च्या एप्रिलात परत निघाला. जेमतेम अडीच वर्षं. तेवढ्यात पुराव्याचा कायदा, कराराचा कायदा, फौजदारी प्रक्रियेची नवी संहिता, मुदतीचा कायदा. आमच्याकडे कोर्टाच्या नव्या इमारतीच्या संडासाला अडीच वर्षं लागली होती.

पुराव्याच्या कायद्याचा एक मसुदा त्याच्या आधी विलायतेतल्या आयोगानं करून पाठवला होता, तो इथल्या कामाला येईना. स्टीफननं तो बाजूला सारला आणि नव्यानं लिहायला घेतलं. झाली १६७ कलमं. १८७२ चा पहिला अधिनियम. १५ मार्चला मंजुरी, १ सप्टेंबरपासून लागू. त्याच फेब्रुवारीत अंदमानात व्हाइसरॉय मेयोचा खून झाला होता, मेयोवर याचा फार जीव. तरी काम थांबलं नाही.

पुतणी म्हणते कायदा म्हणजे रुक्ष. मी तिला म्हणतो, कलम वाचू नको, खालची उदाहरणं वाच. ती उदाहरणं म्हणजे लहान लहान गोष्टी आहेत. 'क'नं 'ख'ला लुटलं की नाही हा प्रश्न. तर लुटीच्या थोडं आधी 'ख' पैसे घेऊन जत्रेला गेला होता आणि ते पैसे त्यानं चार लोकांना दाखवले होते, ही गोष्ट संबद्ध. वाचलं की मला आमच्या जत्रेत कापसाचे पैसे खिशात घेऊन फिरणारा माणूसच दिसतो. दुसरं: गुन्हा कलकत्त्याला घडला, आणि त्या दिवशी 'क' लाहोरला होता. दोनच ओळी. पण "मी त्या दिवशी सासुरवाडीले होतो साहेब" हे मी ज्या ज्या तोंडांतून ऐकलं ती सगळी या दोन ओळींत बसतात.

आणि ते 'सूज्ञ माणूस'. एखादी गोष्ट शाबीत कधी झाली म्हणायची? तर ती आहे असं कोर्टाला वाटलं पाहिजे, किंवा ती इतकी संभवनीय वाटली पाहिजे की त्या परिस्थितीत सूज्ञ माणसानं ती आहे असं धरून चालावं. नोकरीत हे कलम मी शेकडो वेळा ऐकलं, पण समजलं शेतावर. मृगाचा पहिला पाऊस झाला की गावातले दोघं-तिघं सरकी टोबतात. बाकीचे थांबतात, ढेकूळ हातात घेऊन फोडून बघतात, ओल किती खोल गेली ते बोटानं मोजतात, आभाळाकडे नाही बघत, जमिनीकडे बघतात. खात्री कुणालाच नसते. पण एक दिवस असा येतो की आता थांबणारा मूर्ख ठरेल. तो दिवस म्हणजे शाबीत. आदल्या दिवशी पेरलं त्याची दुबार पेरणी. इंग्रजानं पऱ्हाटी पेरली नसेल, पण हे बरोबर धरलं.

त्याच कायद्यातली दोन कलमं मला आता जास्त समजली. एक, न्यायाधीश वाटेल तो प्रश्न, वाटेल त्या वेळी, वाटेल त्या साक्षीदाराला विचारू शकतो. जुनं १६५, नवीन १६८. इंग्लंडात दोन्हीकडचे बॅरिस्टर तयारीचे, जज्जानं ऐकून घ्यावं आणि शेवटी सांगावं. इथं जिल्ह्या-तालुक्याला वकील असतीलच, असतील तर तयार असतीलच याचा भरवसा नाही, मग जज्जानंच खणायला नको का? माझ्या पहिल्या साहेबांनी एका खेडवळ म्हातारीला स्वतः अकरा प्रश्न विचारलेले मी टिपून घेतले आहेत. वकील तिच्या शेताची दिशाच विचारायची विसरला होता आणि सगळा खटला दिशेवर होता.

दुसरं, पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध चालत नाही. याची मुळं त्याच्या आधीच्या संहितेतही होती, पण यानं ती कायद्यात घट्ट रोवली. पुढे इंग्लंडच्या फौजदारी कायद्याचा त्यानं तीन खंडांत इतिहास लिहिला, १८८३ साली. त्यातल्या एका तळटिपेत हिंदुस्थानातल्या एका मुरलेल्या अधिकाऱ्याचं म्हणणं दिलं आहे. पोलीस मारझोड का करतात, तर आळसापोटी. उन्हातान्हात पुरावा शोधत हिंडण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या गरिबाच्या डोळ्यात लाल मिरची चोळणं केव्हाही सोपं. वाचताना भिवापूरची मिरची आणि मे महिन्याचं ऊन दोन्ही डोळ्यांपुढे आलं. दीडशे वर्षांमागच्या सिमल्यात बसणाऱ्या माणसाला हे ठाऊक होतं!

अर्थात त्यानं लगेच पुढे, सत्ताविसाव्या कलमात, खिडकी ठेवली. कबुली चालणार नाही, पण आरोपीनं सांगितल्यावरून वस्तू सापडली तर सांगण्यातला तेवढा भाग चालेल. त्या खिडकीतून काय काय आत आलं ते आम्ही कारकुनांनी पाहिलं आहे. निवेदन पंचनामा, दोन पंच, "मी लपवून ठेवलेली कुऱ्हाड काढून देतो". एका गावी पानठेलेवाला हा कायमचा पंच होता. साक्षीला आला की सरळ सांगायचा, "साहेब, सई माह्यीच आहे, पन कागद म्या नाई वाचला." फितूर. मग सरकारी वकील त्याचीच उलटतपासणी घ्यायचे, आणि मी पंचनाम्यावर निशाणी क्रमांक टाकायचा की नाही म्हणून साहेबांच्या तोंडाकडे बघायचो.

इथपर्यंत मी स्टीफनवर खूश होतो. मग १८७१ आलं.

त्याच्याच कारकिर्दीत, १२ ऑक्टोबर १८७१ ला, गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. पुराव्याच्या कायद्याच्या आधी पाच महिने. त्या कायद्यानं सरकारनं एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर करायची, जमातीतल्यांची नावं रजिस्टरात चढवायची, त्यांनी हजेरी द्यायची, हद्दीबाहेर जायचं तर पास घ्यायचा. काय केलं ते सिद्ध करायची गरज नाही, कुणाच्या पोटी जन्मला एवढं पुरे. दुसऱ्या भागात तृतीयपंथीयांचीही अशीच नोंदणी. आधी उत्तरेकडच्या प्रांतांत, पुढे १९११ मध्ये नवा कायदा करून जवळजवळ सगळीकडे. आमच्या भागातल्या पारध्यांना हे काय असतं ते सांगावं लागत नाही.

मी तो जुना कायदा पुतणीकडून मागवून वाचला आणि सहाव्या कलमाशी थांबलो. जमात जाहीर करणाऱ्या अधिसूचनेला कुठलंही न्यायालय आव्हान देणार नाही, आणि ती अधिसूचना हाच त्या जमातीला कायदा लागू असल्याचा निर्णायक पुरावा. निर्णायक पुरावा! हा शब्द मला तोंडपाठ. पुराव्याच्या कायद्याचं चौथं कलम. एक गोष्ट दुसरीचा निर्णायक पुरावा असेल तर ती खोटी पाडायला पुरावा देऊच द्यायचा नाही. म्हणजे पाच महिन्यांच्या अंतरानं एकाच टेबलावरून दोन कागद गेले. एकात जत्रेला जाणाऱ्या 'ख'च्या खिशातल्या पैशांचाही विचार. दुसऱ्यात हजारो माणसांसाठी एक शिक्का, आणि न्यायालयानं तोंड मिटून बसावं. आजोबा आणि बापानं गुलामांच्या बेड्या तोडल्या त्या घरातला हा मुलगा. पुस्तकाबद्दल माझी सगळ्यात मोठी तक्रार गोंदाची नाही, ही आहे. भाऊ लिहितोय, मायेनं लिहितोय, पण या कायद्यावर जितकं थांबायला हवं होतं तितका थांबत नाही.

एक प्रसंग सांगतो. विहिरीवरची मोटर चोरीला गेली होती, आरोपी बेड्यावरचा, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवरचा, एकोणीस वर्षांचा पोरगा. जप्ती नाही, धड साक्षीदार नाही. तारखांवर तारखा, चार वर्षं. प्रत्येक तारखेला त्याची आजी व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून बसायची, लुगड्याच्या गाठीत शेंगदाणे. शेवटी निर्दोष सुटला. मी बाहेर येऊन सांगितलं, "आजी, सुटला पोरगा."

"नाव कापलं का बाबू?"

"सुटला म्हणतो ना."

"सुटला थे समजलं. नाव कापलं का म्हणतो मी?"

मला वाटलं, बाईला कोर्टाचं कळत नाही. मी रोजनामा दाखवला, साहेबांची सही दाखवली. ती कागदाकडे बघेना, माझ्याच तोंडाकडे बघत राहिली. ती कोणत्या रजिस्टराबद्दल विचारत होती ते मला या पुस्तकामुळे, रिटायर झाल्यावर समजलं. तो कायदा १९५२ च्या ३१ ऑगस्टला कागदावरून गेला होता. हा खटला त्यानंतर पन्नास वर्षांनी चालला.

पुस्तकाकडे येतो. इथून परत जाताना बोटीवरही हा माणूस गप्प बसला नाही. जॉन स्टुअर्ट मिलच्या स्वातंत्र्यविचारावर तुटून पडणारं लिखाण त्यानं सुरू केलं. समाज धाकावर चालतो, हे त्याचं म्हणणं. ईटनच्या मारापासूनची ही सरळ रेघ आहे असं मला वाटतं. घरी गेल्यावर इंग्लंडच्या फौजदारी कायद्याचीही हिंदुस्थानासारखी संहिता करायला घेतली. १८७८ मध्ये विधेयक आलं, आयोग बसला, आणि सगळं बारगळलं. कॅनडानं मात्र १८९२ ची आपली संहिता करताना त्यातलं पुष्कळ घेतलं. इथं आम्हाला लागू करताना अडीच वर्षं पुरली, तिकडे स्वतःच्या लोकांना विचारायचं म्हटल्यावर जमलं नाही. असो.

१८७९ ला न्यायाधीश झाला. आणि नेमक्या याच भागात पान ४३२ नंतर पुन्हा ४१७! सोळा पानं दुबार, त्यांच्या जागची पुढची सोळा गायब. कंपनीला फोन केला. बाईंनी गोड आवाजात सांगितलं, सर, माल मिळाल्यापासून सात दिवसांत कळवायला हवं होतं. सात दिवसांत पाचशे पानांचं इंग्रजी कोण वाचतो? मला ४३२ गाठायला दोन महिने लागले. मुदतबाह्य दाव्यालासुद्धा विलंब माफीचा अर्ज जोडता येतो, म्हटलं. त्या म्हणाल्या, सर, मी तुम्हाला समजले नाही. शेवटी पुतणीनं मूळ जुन्या प्रतीची ती पानं नेटवर शोधून पाठवली, आर्वीला झेरॉक्सवाल्यानं छापून दिली, दोन रुपये पान. त्याची छपाई सातशे ऐंशीवाल्यापेक्षा उजवी निघाली, तीही उलट्यासुलट्या पानांवर नंबर घालून.

न्यायाधीश म्हणून त्याचे दोन खटले माझ्या मनातून जात नाहीत. ते मी इतर ठिकाणचंही वाचून ताडून पाहिले. पहिला लिप्स्कीचा, १८८७. लंडनच्या पूर्व भागातला गरीब ज्यू तरुण, खुनाचा आरोप, यानं फाशीची शिक्षा सुनावली. मग वर्तमानपत्रांत ओरड सुरू झाली की निकाल चुकला. आणि हा आडदांड माणूस हादरला. गृहमंत्र्याकडे खेटे, रात्री झोप नाही, आपण एका निरपराधाला तर मारत नाही? फाशीच्या आदल्या दिवशी लिप्स्कीनं कबुली दिली आणि प्रश्न मिटला. कबुलीवर आयुष्यभर संशय घेणाऱ्या माणसाची सुटका अखेर कबुलीनंच झाली. मी आमचे एक साहेब पाहिले आहेत, जन्मठेप सुनावून चेंबरमध्ये आल्यावर तासभर चहा तसाच ठेवून बसलेले. साय धरली कपावर.

दुसरा मेब्रिक खटला, १८८९, लिव्हरपूल. मेलेला नवरा जेम्स मेब्रिक हा कापसाचा दलाल. आमच्या हिंगणघाटचा कापूस एके काळी त्याच लिव्हरपूलच्या बाजारात हिंगणघाटच्याच नावानं विकला जाई, हा मात्र अमेरिकन कापसातला. बायको फ्लॉरेन्स, अमेरिकन, वयानं बरीच लहान. तिनं माशा मारायचे कागद पाण्यात भिजत घातले होते, त्या कागदांत सोमल. आणि नवऱ्याला स्वतःलाच सोमल खायची सवय. मग सोमलानं मेला की आणखी कशानं? डॉक्टरांचं एकमत नाही. अशा खटल्यात जज्जानं ज्यूरीला शांतपणे उलगडून सांगायचं असतं. स्टीफन दोन दिवस बोलला, तारखांत गोंधळला, बाईच्या वागणुकीवरच जास्त घसरला. ज्यूरीनं तासाभराच्या आत दोषी ठरवलं. शिक्षा फाशीची, पुढे ती कमी होऊन कैद. बाई सुटली १९०४ साली.

१८८५ मध्येच त्याला मोठं आजारपण येऊन गेलं होतं. आता लोक उघड बोलू लागले की जज्जाचं डोकं पूर्वीसारखं चालत नाही. भाऊ हे लपवत नाही, पण हळू आवाजात सांगतो. १८९१ च्या एप्रिलात राजीनामा. पुढच्या वर्षी कर्तबगार मुलगा गेला. १८९४ च्या मार्चमध्ये हा गेला, पासष्टीचा. भावाची धाकटी मुलगी तेव्हा बारा वर्षांची, ती पुढे लेखिका व्हर्जिनिया वुल्फ म्हणून प्रसिद्ध झाली, हे मला पुतणीनं सांगितलं.

बांधणीचं सांगायचं राहिलं. सुटी पानं गोळा केली, ती झेरॉक्सची सोळा मधे घातली नाहीत, कारण कागद जाड. बाकी गठ्ठा नीट ठोकून सारखा केला. कोर्टातून निघताना माझं दाभण मी सोबत आणलं होतं, स्वतःच्या पैशाचं, लाकडी मुठीचं, तेहेतीस वर्षांत मूठ माझ्या तळव्याच्या आकाराची झालेली. कण्यापासून बोटभर आत पाच भोकं पाडली. वर्षानुवर्षं फायली शिवतो तशी मधल्या भोकातून सुरुवात केली, वर, खाली, परत मध्ये, आणि गाठ मागच्या बाजूला, म्हणजे वाचताना बोटाला लागत नाही. त्यासाठी समासाचा काही भाग गेला आणि पुस्तक आता सपाट उघडत नाही. पण कोणी ओढलं तरी पान निघणार नाही.

तारे द्यायचेच तर छपाईला पाचपैकी दीड, तो अर्धा त्या अंगठ्यासाठी. कंपनीच्या सेवेला अर्धा. आतल्या मजकुराला चार. इंग्रजी जुनं आहे, वाक्यं लांब आहेत, एकेक वाक्य पंचनाम्याएवढं. पण कोर्टात काम केलेल्याला लांब वाक्याची भीती नसते. नवं मागवणार असाल तर पार्सल फोडल्याबरोबर सगळे पान नंबर मोजा, समुद्र बघत बसू नका.

नाहीतर माझ्याकडचं न्या. सुटी सोळा पानं प्लास्टिकच्या पिशवीत वेगळी आहेत, तीही परत पाहिजेत. मी एक वही ठेवली आहे, तिच्यात नाव आणि तारीख लिहून जायचं. पुस्तक परत आलं की नाव तुमच्यासमोर कापतो.